अडतीस सामने आणि एक पेनल्टी
स्पॅनिश फुटबॉल लीगच्या १९९३-९४ च्या हंगामाचे एक वाचन

स्पॅनिश फुटबॉल लीगच्या १९९३-९४ च्या हंगामाविषयी काहीही वाचायला घ्या, सुरुवात शेवटापासून होते. १४ मे १९९४, शनिवारची रात्र. स्पेनच्या वायव्य टोकाला, अटलांटिकच्या काठावर वसलेल्या ला कोरुन्या शहरातले रियासोर मैदान. देपोर्तिवो विरुद्ध व्हॅलेन्सिया, ०-०. जिंकले तर देपोर्तिवो इतिहासात पहिल्यांदा स्पेनचा विजेता होणार. सामना संपत आलेला असताना नांदो या देपोर्तिवोच्या खेळाडूला गोलसमोर पाडले जाते आणि पंच पेनल्टी देतात. एरवी पेनल्टी घेणारा दोनातो बदली खेळाडूला जागा देऊन केव्हाच बाहेर बसलेला. बेबेतोने त्या हंगामात पेनल्टी वाया घालवलेल्या, तो पुढे येत नाही. येतो तो मिरोस्लाव्ह जुकिच हा सर्बियन बचावपटू. चेंडू ठेवतो, श्वास सोडतो, धावत येतो आणि इतका दुबळा फटका मारतो की व्हॅलेन्सियाचा गोलरक्षक गोन्सालेस तो चेंडू नुसता अडवत नाही, लेकरासारखा पोटाशी धरतो. तिकडे बार्सिलोनाने सेव्हियाला ५-२ असे हरवलेले असते. दोन्ही संघांचे ५६ गुण, आणि विजेतेपद बार्सिलोनाला.

एवढे सांगितले की हंगाम सांगून झाला असे समजले जाते. वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, एकूण तीनशे ऐंशी सामने. आणि त्या सगळ्याचा ऐवज एका फटक्यात. हा प्रकार मला वाङ्मयप्रकाराची गल्लत वाटतो. एखादी आठशे पानांची कादंबरी घ्यावी आणि तिच्या शेवटच्या परिच्छेदावर ती कथा असल्यासारखे परीक्षण लिहावे, तसे हे झाले. शेवटाला कादंबरीतही महत्त्व असतेच. पण कथेतला शेवट आधीच्या मजकुराला उलटा फिरवू शकतो. कादंबरीच्या शेवटाला आधीच्या पानांशी हिशेब करावा लागतो.

लीग हा प्रकारच मुळी एका सामन्याची सत्ता मोडण्यासाठी उपयोगी पडतो. १८८८ साली इंग्लंडमध्ये पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यामागचा विचार अगदी व्यवहारी होता: बाद पद्धतीच्या स्पर्धांतून संघ लवकर बाहेर पडतात, मग मैदान रिकामे, तिकीटखिडकी रिकामी; तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांशी ठरलेल्या तारखांना खेळावे. स्पेनमध्ये लीग आली ती १९२९ मध्ये. त्याआधी देशाचा विजेता ठरायचा तो चषकाच्या, म्हणजे बाद पद्धतीच्या स्पर्धेतून. चषकात एक वाईट दुपार पुरते. लीगमध्ये वाईट दुपारींनाही जागा असते, कारण त्या इतर दुपारींनी भरून निघतात. असे असताना लीगची आठवण मात्र आपण चषकाच्या अंतिम सामन्यासारखी जपतो. १९९३-९४ चा हंगाम या विसंगतीचे सर्वात ठळक उदाहरण आहे, म्हणून तो पुन्हा उलगडून पाहण्याजोगा.

गुणतक्त्यापासून सुरुवात करू. गुणतक्ता हे रूक्ष साधन वाटते, पण हंगामाची संहिता तीच आहे. बाकीचे सारे तिच्यावरचे भाष्य.

बार्सिलोना: २५ विजय, ६ बरोबरी, ७ पराभव. गोल ९१, खाल्लेले ४२.
देपोर्तिवो: २२ विजय, १२ बरोबरी, ४ पराभव. गोल ५४, खाल्लेले १८.

तेव्हा स्पेनमध्ये विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळे. म्हणून दोघांचे ५६. समान गुण झाल्यावर त्या दोन संघांमधल्या आपसातल्या सामन्यांकडे पाहायचे, हा स्पेनचा नियम. रियासोरवर देपोर्तिवोने बार्सिलोनाला १-० असे हरवले होते, बार्सिलोनाने आपल्या मैदानावर त्याची परतफेड ३-० अशी केली होती. झाले.

आता एक छोटी आकडेमोड. विजयाला तीन गुण देण्याची पद्धत स्पेनच्या लीगने १९९५-९६ पासून स्वीकारली. इंग्लंडमध्ये ती १९८१ पासूनच होती. तीच फूटपट्टी या हंगामाला लावली तर बार्सिलोनाचे ८१ गुण होतात, देपोर्तिवोचे ७८. म्हणजे बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. आणि जुकिचचा तो फटका जाळ्यात गेला असता तर? २३ विजय आणि ११ बरोबरी: ८० गुण. तरीही एकाने कमी. जो क्षण तीस वर्षे स्पॅनिश फुटबॉलमधला सर्वात निर्णायक क्षण म्हणून सांगितला जातो, तो अवघ्या दोन हंगामांनंतरच्या नियमाने मोजला तर निर्णायक ठरतच नाही.

या आकडेमोडीचा गैरवापर सहज होईल, म्हणून सांगतो. बार्सिलोनाच खरा विजेता होता असे यातून सिद्ध होत नाही. संघ नियम पाहून खेळतात. बरोबरी ही अर्धा विजय असते तेव्हा शून्य-शून्य राखणे शहाणपणाचे असते. ती एक तृतीयांश झाली की तेच शहाणपण भित्रेपणात जमा होते. तीन गुणांच्या लीगमध्ये आर्सेनिओ इग्लेसियास यांनी कदाचित दुसराच संघ घडवला असता. आकडेमोड दाखवते ती एवढीच गोष्ट: आपण ज्याला दैव म्हणतो त्यात हिशेबाच्या पद्धतीचा वाटा किती असतो.

या आर्सेनिओंकडे थोडे थांबून पाहायला हवे. ला कोरुन्याच्या शेजारच्या आर्तेइशो गावचा हा माणूस, जन्म १९३०. त्यांना ‘आर्तेइशोचा ब्रुशो’ म्हणत. ब्रुशो म्हणजे मांत्रिक, चेटक्या. गालिसियाची भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण असल्याने गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. नावात मंत्रतंत्र असले तरी आर्सेनिओंच्या खेळात जादूटोणा काही नव्हता. मागे व्होरो, जुकिच, रिबेरा असे तीन मध्यवर्ती बचावपटू, दोन्ही कडांना लोपेस रेकार्ते आणि नांदो, त्यांच्यापुढे मावरो सिल्वा हा ब्राझिलियन चालताबोलता बंधारा, डावीकडे फ्रानची कल्पकता, आणि सर्वात पुढे बेबेतो. चेंडू गमवायचा नाही, गमावला तर जागा सोडायची नाही. हे फुटबॉल पाहणाऱ्याला मोहवत नाही, पटवून देते. अडतीस सामन्यांत अठरा गोल खाणारा गोलरक्षक लियान्यो त्या वर्षीचा सामोरा पुरस्कार घेऊन गेला. त्याच्या या सरासरीची बरोबरी व्हायला २०१५-१६ उजाडावे लागले, आणि तीही अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या ओब्लाकने केली, म्हणजे पुन्हा बचावावर उभ्या असलेल्या संघाच्याच गोलरक्षकाने.

दंतकथेतली सर्वात मोठी विकृती इथेच आहे. जुकिच हा या बचावाचा मधला खांब. अठरा हा आकडा जितका लियान्योचा तितकाच त्याचा. देपोर्तिवो शेवटच्या दिवशी एका गुणाने पुढे होता, पेनल्टीला काही अर्थ होता, तो ज्यांच्यामुळे होता त्यांत तो पहिल्या दोन-तिघांत बसेल. मात्र आठवण ठेवताना आपण त्याच्या नऊ महिन्यांच्या कामाला पार्श्वभूमी केले आणि एका फटक्याला चरित्र. तो अडलेला फटका लिहिता-दाखवता येतो; न झालेल्या गोलांचे चित्रण कसे करणार? बचावपटूच्या यशाला दृश्यच नसते. जे घडले नाही तेच त्याचे काम. समीक्षेने निदान हे ओळखायला हवे, कारण जे पानावर दिसत नाही ते वाचणे हाच तिचा धंदा.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला स्पेनपर्यंत जाण्याची गरज नाही. शारजात १८ एप्रिल १९८६ रोजी जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, हे क्रिकेट न पाहणारालाही ठाऊक असते. त्याच चेतन शर्माने पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, नागपूरच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध तीन चेंडूंत तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली ही गोष्ट महाराष्ट्रातच किती जणांना सनासकट आठवते? एकाच माणसाच्या दोन चेंडूफेकींपैकी आपण कोणती निवडली यावरून त्या माणसाविषयी थोडे आणि आपल्या कथाभुकेविषयी पुष्कळ कळते.

गालिसियातही अशी निवड झालीच. त्याच वसंतात, २० एप्रिल १९९४ ला, माद्रिदमध्ये स्पॅनिश चषकाचा अंतिम सामना झाला. तिथे पोहोचला होता गालिसियातलाच दुसरा संघ, व्हिगो शहराचा सेल्ता. सामना ०-०, मग पेनल्टींची फैर, आणि सारागोसा ५-४ ने विजयी. म्हणजे चोवीस दिवसांत एकाच प्रांताने दोन मोठी विजेतेपदे पेनल्टीवर गमावली. खरे तर शोकांत म्हणून सेल्ताचीच गोष्ट प्रकाराला धरून आहे; चषकाचा अंतिम सामना खरोखरच एका फटक्यावर ठरू शकतो. तरी जगाने लक्षात ठेवली ती जुकिचची. त्याचे कारण उघड आहे: समोर बार्सिलोना होता. पराभवाचीसुद्धा प्रत जिंकणाऱ्याच्या नावावरून ठरते.

आता जिंकणाऱ्याकडे वळू. योहान क्रॉयफच्या बार्सिलोनाला ‘ड्रीम टीम’ म्हणतात, आणि १९९१ ते १९९४ अशी सलग चार विजेतेपदे ही तिची कमाई. त्या हंगामात पीएसव्ही आइंडहोवनहून आलेल्या रोमारिओने तीस गोल केले. ८ जानेवारी १९९४ ला कॅम्प नोऊवर रिआल माद्रिदला ५-० असे लोळवले तेव्हा त्यातले तीन रोमारिओचे. पहिल्या गोलच्या वेळी आल्कोर्ताला चेंडू पायाला चिकटवून ज्या वळणाने त्याने मागे टाकले, त्याला स्पेनमध्ये ‘गायीचे शेपूट’ असे नाव पडले. ते वळण मी कितीदा पाहिले असेल सांगता येणार नाही. क्रॉयफच्या चाहत्यांचे वाचन त्या गोलवर सुरू होते आणि १४ मेला संपते. सौंदर्याचा विजय झाला, इतकेच त्यांना म्हणायचे असते.

हेही वाचन निवडकच. त्याच संघाने फेब्रुवारीत सारागोसाकडून ६-३ असा मार खाल्ला. सात पराभव, बेचाळीस गोल खाल्लेले. विजेत्याच्या मानाने हा बचाव गळकाच. बार्सिलोनाची सलग तीन विजेतेपदे शेवटच्या दिवशी, दुसऱ्या कुणाच्या तरी अपयशातून आली आहेत. १९९२ मध्ये रिआल माद्रिद तेनेरिफेत २-० पुढे असून ३-२ हरला. १९९३ मध्ये त्याच बेटावर, त्याच शेवटच्या दिवशी पुन्हा २-० हरला. आणि १९९४ मध्ये जुकिच. प्रत्येक वेळी कॅम्प नोऊवरच्या लोकांच्या कानाला रेडिओ, नजर आपल्या सामन्यावर आणि काळजाची धडधड शेकडो कोस दूरच्या मैदानासाठी. आपला सामना जिंकून ठेवणे ही त्यांची कामगिरी होतीच, तिला उणे लेखायचे कारण नाही. सेव्हियाविरुद्ध मध्यंतराला ते पिछाडीवर होते, उत्तरार्धात चार गोल करून त्यांनी सामना फिरवला. परंतु ‘सौंदर्य जिंकले’ या निष्कर्षासाठी सौंदर्याला आपल्या पायांनी रेषा ओलांडावी लागते. इथे तीनदा ती दुसऱ्याच्या पायाने ओलांडली गेली.

आणि चारच दिवसांनी, १८ मेला, अथेन्समध्ये युरोपियन विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मिलानने याच बार्सिलोनाचा ४-० असा धुव्वा उडवला. तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत असल्याने क्रॉयफने लाउड्रपला वगळले होते. रोमारिओ, स्तोइचकोव्ह, कूमन आणि लाउड्रप या चौघांपैकी एकाला दर आठवड्याला बाहेर ठेवायचे, हा या हंगामाचा एक दबलेला प्रवाह होता. बार्सिलोनाच्या गोष्टीत खरे नाट्य शोधायचे तर मी ते इथे शोधेन. उन्हाळ्यात लाउड्रप उठून थेट रिआल माद्रिदला गेला.

तिसरे वाचन आहे गरीब प्रांत विरुद्ध धनाढ्य महानगर असे. आपल्याकडे हे लगेच रुजते, कारण मुंबईबाहेरच्या प्रत्येकाला ते आपलेच वाटते. त्यात तथ्य आहे. देपोर्तिवो १९७३ नंतर अठरा वर्षे वरच्या श्रेणीबाहेर होता. १९९१ मध्ये तो वर आला त्या दिवशी मुर्सियाविरुद्धच्या सामन्यात रियासोरच्या छताला आग लागली होती. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खाली जाता जाता वाचला. तिथून दोन वर्षांत विजेतेपदाच्या दारात. पण ‘गरीब’ हा शब्द सांभाळून वापरावा. १९९२ मध्ये अध्यक्ष लेंदोइरो यांनी बेबेतो आणि मावरो सिल्वा आणले ते दानधर्म म्हणून आले नव्हते. बेबेतो पहिल्याच हंगामात २९ गोलांसह स्पेनमध्ये अव्वल ठरला आणि संघ तिसरा आला. लेंदोइरोंची ही महत्त्वाकांक्षा पुढे दोन दशके चालली आणि २०१३ मध्ये कर्जापायी क्लबला न्यायालयीन देखरेखीखाली जावे लागले. २०२० मध्ये तर देपोर्तिवो तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. १९९४ च्या निरागस देपोर्तिवोची जी गोष्ट सांगितली जाते तिच्या पायाशी हे हिशेब आधीपासूनच होते. निरागस कुणी असलेच तर ते आर्सेनिओ. आणि तेही नव्हते, कारण विजयोत्सवाची तयारी पाहून तो आपल्या तोंडापुढून हिसकावला जाईल असे बजावणारे तेच होते.

गोन्सालेसचा उल्लेख आल्याशिवाय हे पुरे होत नाही. पेनल्टी अडवल्यावर त्याने मुठी आवळून जो जल्लोष केला, तो कोरुन्याने कधी विसरला नाही. व्हॅलेन्सियाचा विजेतेपदाशी संबंध नसताना एवढा आनंद कशाचा? दुसऱ्या क्लबने जिंकण्यासाठी, किंवा न हरण्यासाठी, दिलेल्या बक्षिसीची चर्चा तेव्हापासून आजवर चालू आहे. स्पॅनिश फुटबॉलमध्ये अशा पैशाच्या पिशव्यांना स्वतंत्र नावच आहे. मला इथे निवाडा द्यायचा नाही. गोलरक्षकाने पेनल्टी अडवणे हे त्याचे काम. ते त्याने चोख केले म्हणून त्याच्यावर संशय घ्यावा लागतो, यात लीगच्या शेवटच्या दिवसांचे सगळे दुखणे आले. ज्याच्या सामन्याला गुणतक्त्यात अर्थ उरलेला नाही त्याने मनापासून खेळावे ही लीगची गृहीत धरलेली नीती आहे, आणि तिची परीक्षा अशाच रात्री होते.

दोन महिन्यांनी, १७ जुलैला, बेबेतो, रोमारिओ आणि मावरो सिल्वा हे तिघेही पिवळ्या शर्टात अमेरिकेतल्या पासादेनाच्या मैदानावर होते. ब्राझीलने विश्वचषक जिंकला, पेनल्टींवर, आणि या वेळी बळी रॉबेर्तो बाज्जोचा गेला. इटलीला अंतिम सामन्यापर्यंत ओढून आणणारा माणूस आकाशात गेलेल्या एका चेंडूसाठी ओळखला जाऊ लागला. त्या उन्हाळ्यात जगाने ही सवय पक्की करून घेतली असावी.

देपोर्तिवोची पाने मात्र पुढे चालू राहिली, आणि ती वाचायला फारसे कुणी थांबले नाही. १९९५ मध्ये लीगमध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. त्याच जूनमध्ये चषकाचा अंतिम सामना, समोर पुन्हा व्हॅलेन्सिया. पाऊस आणि गारांनी सामना १-१ असताना थांबला, तीन दिवसांनी उरलेली मिनिटे खेळायला संघ परत आले, आणि लगेचच आल्फ्रेदोने गोल केला. क्लबचा तो पहिला मोठा चषक, आणि आर्सेनिओंचा निरोप. २०२३ च्या मे महिन्यात वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले.

लीगचे विजेतेपद २००० मध्ये आले. १९ मे, रियासोर, शेवटचा दिवस, समोर एस्पान्योल. तिसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवरून डोक्याने चेंडू जाळ्यात टाकला तो दोनातोने, सहा वर्षांपूर्वी पेनल्टीच्या वेळी बाकावर बसलेल्या त्याच दोनातोने. मावरो सिल्वा होता, फ्रान होता. अडतीस सामन्यांत ६९ गुण, तीन गुणांच्या नव्या पद्धतीने. १९९४ च्या संघाचे त्याच मापाने ७८ झाले असते.

जुकिच त्या संघात नव्हता. तो १९९७ मध्येच गेला होता, आणि तोही व्हॅलेन्सियाला. तिथे तो बचावाच्या मधोमध उभा राहिला, दोनदा युरोपियन विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या संघाचा भाग झाला. लीगचे पदक त्याला मिळाले ते २००२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्या हंगामात व्हॅलेन्सियाचे ७५ गुण झाले होते. दुसऱ्या क्रमांकावर ६८ गुणांसह देपोर्तिवो ला कोरुन्या होता.